लाईट गेल्यावर शहाणा होणारा लॅपटॉप

प्रेमला जोशींना त्या दुपारी कुणीही नको होतं. देऊळगाव राजात खाजगी तपासाचा धंदा म्हणजे बहुतेक वेळ लग्नाळू मुलांची चौकशी. सकाळभर त्या एका नवरदेवाच्या दारूची खातरजमा करत उन्हात फिरल्या होत्या. पाय सुजले होते आणि डोकं ठणकत होतं.

"बाई, कोणीतरी आलंय," भगवंतराव म्हणाले. हे निवृत्त कारकून स्वतःला मदतनीस म्हणवत, मदत मात्र बेताचीच करत.

आलेली तरुणी लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. नाव गार्गी.

"माझा लॅपटॉप कुणीतरी मुद्दाम बिघडवतंय. कोण ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

प्रेमलाबाईंनी सुस्कारा सोडला. "बसा. काय करतो तो?"

"मी घरून एका कंपनीच्या ग्राहकांना उत्तरं लिहिते. लिहिता लिहिता पडद्यावरचा बाण आपोआप पळतो, अक्षरं भलत्याच ओळीत पडतात. अर्धवट पत्र आपोआप जातं. दुकानदार म्हणतो, काही बिघाड नाही. त्याच्याकडे नीट चालतो. म्हणून मी नवा घेतला. तोही तसाच! आता आणखी एक चूक झाली की नोकरी गेली."

"संशय कुणावर?"

"माझे दीर, आल्हाद. परीक्षांचा अभ्यास करतात म्हणे. दुपारी लाईट जाते तेव्हा ते बाहेर जातात, आणि तेवढा वेळ लॅपटॉप अगदी शहाण्यासारखा चालतो. ते परतले की पुन्हा सुरू! मी आज सांगून टाकलंय, संध्याकाळच्या बसने जालन्याला निघा."

"नवरा काय म्हणतो?"

"शेखर नाशिकला असतात. म्हणाले, तुझं तू बघ."

भगवंतराव म्हणाले, "मंग तं उघड हाय, बाई. पोरगंच करून राह्यलं."

"तुम्हाला सगळंच उघड दिसतं," असं म्हणत प्रेमलाबाईंनी चपला शोधल्या.

गार्गीच्या घराचं दार सासूबाईंनी, अंबूबाईंनी उघडलं. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या.

"बघितलंत?" गार्गी कुजबुजली. "आयुष्यभर सोवळं पाळलं, आणि हल्ली घरभर चपला. मला चिडवायला."

आल्हादची बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली होती. तो मान खाली घालून बोलला.

"वहिनी म्हणते तं जातो. पण मी त्या लॅपटॉपले हात बी नाही लावला."

"लाईट गेली की कुठे जाता?"

"पारावर. पंखा बंद, कूलर बंद. घरात काऊन उकडत बसू?"

अंबूबाई मागच्या अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या. अंगणात नवी कोरी फरशी होती.

"माहा पोरगा असं नाही करणार, बाई," त्या म्हणाल्या. "पण या घरात माहं कोण ऐकते? तिथं मी रोज तांब्याभर पाणी घालायची. ह्यांनी घर बांधलं तवाच सांगून ठेवलं होतं, इथं पाणी घालत जाय. ते गेले, तरी म्या सोडलं नाही. आता ती जागाबी गेली."

"तुळस होती का?"

"नुसता जमिनीतून वर आलेला लोखंडी नळीचा तुकडा," गार्गी म्हणाली. "त्यालाच कुंकू लावायच्या. तिथं शेवाळ व्हायचं आणि आई घसरायच्या. मीच फरशी घातली, उन्हाळा लागताना."

"आणि लॅपटॉप कधीपासून बिघडला?"

"उन्हाळ्यातच."

गार्गीने लॅपटॉप चार्जरला लावून उघडला. दोन ओळी लिहिताच बाण उडाला आणि पडद्यावरची खिडकी आपोआप मिटली. आल्हाद तर अंगणात उभा होता.

"भूत हाय का काय!" भगवंतराव मागे सरकले.

प्रेमलाबाईंनी बोटांची मागची बाजू लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून हलकेच फिरवली. बोटांना बारीक झिणझिण्या आल्या. "चार्जर काढा."

काढला. बाण जागच्या जागी उभा राहिला.

"तुमाले भ्याला वाटते, बाई," भगवंतराव म्हणाले.

तेवढ्यात देवघरातून अंबूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या, अनवाणी. त्या कूलरमध्ये पाणी भरायला वळल्या.

"हात लावू नका!" प्रेमलाबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की कळशी हिंदकळली. त्यांनी आधी घराचा मेन स्विच पाडला. मग मट्कन खुर्चीत बसल्या.

"अंबूबाई, घरात चपला का घालता?"

"कूलर मुंग्या देते हातापायाले. चपला घातल्या तं नाही देत. सूनबाईले कायले सांगू? तिचं तिलेच जड झालं."

"गार्गी, दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या, तुम्ही चुकीची धरलीत. लाईट गेली की आल्हाद बाहेर जातो, खरं आहे. पण लाईट गेली की लॅपटॉपही बॅटरीवर चालतो. आत्ता आल्हाद इथेच आहे, आणि चार्जर काढताच लॅपटॉप शहाणा झाला. दुकानात, दुसऱ्या घराच्या विजेवरही शहाणाच."

"म्हणजे दोष विजेत?"

"घराच्या अर्थिंगमध्ये. ती नळी देव नव्हती. उपकरणातली चुकार वीज तिच्यातून जमिनीत जायची, आणि त्यासाठी तिथली माती ओली लागते. सासऱ्यांनी पाणी घालायला सांगितलं ते याच्यासाठी. फरशी बसली, माती वाळली. आता ती वीज लॅपटॉपच्या अंगावर राहते, म्हणून बाण उडतो. कूलरच्याही अंगावर राहते. ओल्या हातांनी, अनवाणी..."

प्रेमलाबाईंनी कळशीकडे बोट दाखवलं.

गार्गी भिंतीला टेकली. नोकरी, लॅपटॉप, सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं. तिला फक्त कळशी दिसत होती. "आई, मी तुमचा जीव घेतला असता."

"घसरून पाय मोडू नये म्हणून तूच फरशी घातली. मले काय ठाऊक नव्हतं?" अंबूबाई म्हणाल्या. "राग तेवढा पाण्याच्या जागेचा होता."

आल्हादने बॅग खांद्याला लावली होती. "वायरमनले घेऊन येतो. फरशी फोडावी लागन."

"भाऊजी," गार्गी पुढे झाली. "वायरमनला आणायला बॅग कशाला लागते?" तिने ती त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली आणि मिठी मारून धरून ठेवली.

प्रेमलाबाई उठल्या. पाय अजून दुखतच होते. बाहेर पडताना त्यांनी पाहिलं, अंबूबाईंनी देवघराशी काढलेल्या रबरी चपला उचलल्या आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या.