चार नंबरला त्र्याण्णव

"मास्तर, असाल तसे निघा. डॉक्टरांची बाटली लुटली!"

फोनवर वाईनच्या दुकानाचे मालक होते. मास्तर स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभे होते आणि समोर पातेल्यात दूध होतं.

"लुटली म्हणजे? काल तर आपण उघडली."

"उरलेली अर्धी हो! बाटली जागेवर आहे, आतला माल गायब. तुम्ही या. तुमच्याशिवाय हे कुणाला उलगडायचं नाही."

मास्तरांची छाती जराशी फुगली. इतक्यात बायको ओले केस पुसत धावत आली आणि तिने शेगडी बंद केली.

"अहो, दूध करपलं! सगळ्या घरात वास सुटलाय आणि तुम्ही इथे खांबासारखे उभे!"

"फोनवर होतो ना," मास्तर म्हणाले आणि छत्री घेऊन घाईघाईने बाहेर पडले.

मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त मास्तर. शाळेत असताना त्यांनी प्रश्नपत्रिका फोडणारा शिपाई पकडला होता, तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक चोरी त्यांच्याकडे यायची. निवृत्त झाल्यावर त्यांना लाल वाईनचा नाद लागला. शिकवायला कुणी नव्हतं. पुस्तकं आणून, घोट घेऊन आणि बऱ्याचदा तोंड वाकडं करून ते आपले आपणच शिकले. पांढरी वाईन म्हणजे तोंडी परीक्षा आणि लाल म्हणजे लेखी, असं ते म्हणत, आणि लेखीवरच त्यांचा विश्वास होता. दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं मंडळ जमायचं. बाटल्यांवर काळ्या कापडाच्या खोळी, खोळींवर नंबर. मास्तर शंभरपैकी गुण द्यायचे. मंडळाचा रिवाज असा, की मास्तरांचे गुण जाहीर होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

कालची चाचणी वर्षाची मोठी होती. दातांचे डॉक्टर, मास्तरांचे जिवलग, गेल्या वर्षी वारले. जाण्याआधी त्यांनी आपल्या संग्रहातली सर्वांत जुनी बाटली दुकानात आणून ठेवली होती. मोठ्या चाचणीत ही पण घाला, खोळीत, इतरांसारखी, असं बजावून. मास्तरांनी चार नंबरला त्र्याण्णव दिले. खोळ काढली तर ती डॉक्टरांचीच निघाली. टाळ्या पडल्या. मास्तरांचे डोळे भरून आले होते, असं सगळे म्हणाले.

दुकानाच्या तळघरात मालक घाम पुसत उभे होते. शेजारी दुकानात कामाला असलेली ताई होती. तळघराची किल्ली तिच्या कमरेला असायची. बाटल्या लावणं, उघडणं, पडद्यामागे ग्लास भरणं, नंतर ते धुणं, हे सगळं तीच करायची. तिचे डोळे लाल झाले होते.

"काल चाचणी संपली," मालक सांगू लागले, "तेव्हा अर्धी बाटली उरली. वहिनींना म्हटलं, घरी न्या, तुमच्या नवऱ्याची आठवण. त्या म्हणाल्या, राहू दे. मग ताईने बूच लावून इथे ठेवली. आज सकाळी मला मोह झाला, जरा चाखून पाहिली. मास्तर, व्हिनेगर! स्वस्तातली वाईन आणि त्यात व्हिनेगर!"

"एका रात्रीत वाईन इतकी बिघडत नाही," मास्तर म्हणाले.

"तेच तर! काल तुम्ही त्र्याण्णव दिले. म्हणजे काल माल अस्सल होता. मग बदलला कधी? नंतर. आणि नंतर किल्ली कुणाकडे? हिच्याकडे."

मास्तरांनी बाटली उचलून नुसतीच फिरवून पाहिली.

"मी हात लावला नाही हो," ताई म्हणाली. "मी पीत नाही. मला तर सगळ्यांनाच आंबूस वास येतो, कुठली कुठली ते मला काय कळणार? मी कुणाची वस्तू का नेऊ?"

"विकायला," मालक म्हणाले. "मास्तर, तुम्ही विचारा."

आणि मास्तरांनी विचारलं. वर्गात आवाज चढवायची सवय अजून गेली नव्हती.

"काल घरी जाताना हातात काय होतं?"

"हीच पिशवी."

"आत काय होतं?"

"आज आहे तेच."

"उघड बरं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग वर येऊन मागच्या खोलीतल्या टेबलावर तिने पिशवी उलटी केली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं दारातून डोकावली. डबा, कंगवा, औषधाची पट्टी, अर्धवट विणलेला लहान स्वेटर आणि लोकरीचा गुंडा. गुंडा घरंगळत टेबलाखाली गेला. कुणी उचलला नाही.

"संध्याकाळपर्यंत निकाल लागू दे," मालक ताईला म्हणाले. "तोवर बाहेर बस. किल्ली ठेव इथे."

ताईने किल्ली ठेवली आणि ती बाहेर जाऊन बसली. पिशवी तशीच पडून राहिली.

मास्तर पुन्हा तळघरात उतरले. कोपऱ्यातल्या थाळीत कालची बुचं आणि बाटलीच्या तोंडावरच्या मेणाचे तुकडे होते. डॉक्टरांच्या बाटलीचं बूच त्यांना लगेच सापडलं. इतक्या वर्षांच्या बाटलीचं बूच वाईन पिऊन काळवंडायला हवं होतं. हे टोकाला तेवढं लालसर होतं, बाकी कोरं. मेणाचा एक तुकडा त्यांनी उजेडात धरला. बाहेरून तो गडद लाल होता. नखाने खरवडला तर आतून गुलाबी निघाला.

मास्तरांची जीभ आपोआप खालच्या कवळीवरून फिरली. ती डॉक्टरांनीच करून दिली होती. माप घेताना असलंच गुलाबी मेण मास्तरांनी कितीदा चावलं होतं.

त्यांनी तो तुकडा खिशात टाकला. मग ते पायऱ्या चढून बाहेर पडले.

शिंप्याचं दुकान दोन घरं सोडून होतं. शिंपीदादा मंडळाचे जुने सभासद. ते कापडावर खडूने रेघ मारत होते.

"दादा, कालची चार नंबर कशी लागली?"

"उत्तम! मी नव्वद दिले की."

"माझे गुण ऐकण्याआधी कशी लागली?"

खडू थांबला. "मास्तर, असं काय विचारता?"

"खरं सांगा."

"खरं सांगू? नाकाशी नेली तर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ही काय भानगड! पण तेवढ्यात तुम्ही उठून म्हणालात, काय जिवंत आंबटपणा आहे! मग मला वाटलं, जुन्या वाईनचा असाच वास येत असेल. आपल्याला काय कळतंय? शोभा कशाला करून घ्या."

"आणि तुमच्या शेजारी बसला होता तो चष्मेवाला?"

"त्याने तर रुमालात थुंकली. मी पाहिलं. आणि एक्क्याण्णव दिले." दादा ओशाळून हसले. "पण मास्तर, म्हणजे माल कालच..."

"आत्ता कुणाला बोलू नका," मास्तर म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

आता ताई सुटली होती. एवढंच जाऊन सांगायचं होतं, की माल काल सकाळीच खराब होता. पण त्याच्या मागोमाग मालक विचारणार, मग मास्तर, तुम्ही त्र्याण्णव कशाला दिले? त्या प्रश्नापासून मास्तर आज सकाळपासून पळत होते. खरं तर डॉक्टर गेल्यानंतरच्या स्वतःच्या आजारपणापासूनच पळत होते.

ते डॉक्टरांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. ते का आले, हे त्यांनी विचारलं नाही.

"बसा. काहीतरी गरम आणते."

त्यांनी कप आणून ठेवला. मास्तरांनी घोट घेतला.

"वा, चहा फक्कड झालाय."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, काल तुम्ही ग्लास हातात घेतलात, पण प्यायला नाहीत."

"नाही."

"आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला वाटलं, आठवणीने गहिवरलात."

"गहिवरलेच होते."

मास्तरांनी मेणाचा तुकडा टेबलावर ठेवला. वहिनींनी तो ओळखला. त्यांनी पदर सावरला आणि हळू आवाजात म्हटलं, "मास्तर, सोडून द्या ना विषय. ताईचं मी बघते. मालकांना सांगते, मला काही तक्रार नाही, तिला ठेवून घ्या."

"चोर म्हणून?"

"माफ केलेली म्हणून."

"तिने न केलेलं माफ करायचं?"

"मग मी काय करू?" वहिनींचा आवाज चिरला. "तुम्हाला चारचौघांत उघडं पाडू? यांना ते आवडलं असतं का?"

कप रिकामा करून ते उठले. वहिनींनी त्यांना सुटकेची वाट दाखवली होती आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना ती घ्यावीशी वाटली होती. घराकडे जाताना या गोष्टीची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

संध्याकाळी मागच्या खोलीत सगळे जमले. मालक, शिंपीदादा, चष्मेवाला, वहिनी. ताई दारातच उभी राहिली. टेबलावर तिची पिशवी सकाळसारखीच उलटी पडली होती.

"सापडला चोर?" मालकांनी विचारलं.

"बसा, सांगतो," मास्तर म्हणाले. आज मात्र आवाज चढला नाही. "बाटली काल रात्री बदलली नाही. ती दुकानात आली तेव्हाच बदललेली होती. हे बूच पाहा. जुनं असतं तर काळं पडलं असतं, हे कोरं आहे. हे मेण पाहा. वरून लाल रंग, आतून गुलाबी. दातांच्या दवाखान्यात कवळीसाठी वापरतात ते. माझ्या तोंडात जी आहे, ती याच मेणावर बेतली. आपल्यात असं मेण कुणाकडे होतं?"

"डॉक्टर?" चष्मेवाला जवळजवळ ओरडला. "डॉक्टरांनी आपल्याला फसवलं?"

"फसवलं नाही. थट्टा केली. वहिनी, चुकलो तर सांगा. खरी वाईन तुम्ही दोघांनी मिळून प्यायलीत. त्यांच्या शेवटच्या दिवसांत."

वहिनींनी मान हलवली. "खिडकीशी बसून. तीन संध्याकाळी पुरवली. मग त्यांनी बाटलीत स्वस्तातली वाईन आणि व्हिनेगर ओतलं, बूच ठोकलं, मेण लावलं. हात थरथरत होते, पण हसत होते. म्हणाले, मी नसेन तेव्हा मंडळात रडारड नको. मास्तर ग्लास नाकाशी नेईल आणि खोळ काढायच्या आधीच ओरडेल, 'डॉक्टर, नापास!' मग सगळे पोट धरून हसतील. ते हसू मला ऐकायचं होतं. काल मी त्याचीच वाट बघत होते."

शिंपीदादांनी मान खाली घातली.

"पण मास्तर," मालक गोंधळून म्हणाले, "व्हिनेगर होतं, तर तुम्ही त्र्याण्णव..."

आला तो प्रश्न. मास्तर टेबलाला धरून उभे राहिले.

"मला वास येत नाही. डॉक्टर गेल्यावर मला ताप आला, त्यात गेला तो परत आलाच नाही. आज घरात दूध करपलं ते मला कळलं नाही. वहिनींनी मला दुपारी जे दिलं त्याला मी चहा म्हणालो. काय होतं ते?"

"कॉफी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"जिभेला आंबट लागतं, तुरट लागतं, तेवढ्यावर मी दर रविवारी परीक्षक होऊन बसलो. बाकी रंग बघून आणि तुमची तोंडं बघून. काल तर तेही नाही. ताई बाटल्या लावत होती तेव्हा चार नंबरच्या खोळीतून बाटलीचे रुंद खांदे दिसले. ओळखली, की ही डॉक्टरांची. म्हणून त्र्याण्णव. डोळे भरून आले ते वाईनने नाही, धास्तीने."

"आम्हालाही वास आला होता की," चष्मेवाला पुटपुटला. "आम्ही तरी कुठे बोललो?"

"मी बोलू दिलं नाही. रिवाज माझाच." मास्तर मालकांकडे वळले. "तुम्ही ताईवर आळ घेतलात तो कशाच्या जोरावर? तर काल माल अस्सल होता, या एका गोष्टीच्या. आणि ती गोष्ट माझी थाप होती. मला सकाळी तळघरातच कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं. तरी मी हिला पिशवी उलटी करायला लावली. गुन्हेगार हवा असेल तर तो मी आहे."

मालकांनी खाकरून किल्ली उचलली आणि ताईपुढे धरली. "चूक झाली. घे."

ताईने किल्लीकडे पाहिलं नाही. ती टेबलापाशी आली.

"किल्लीचं नंतर बघू," ती मास्तरांना म्हणाली. "सकाळी ती गिऱ्हाइकं दारातून बघत होती. त्यातली एक बाई माझ्या चाळीत राहते. आधी ही पिशवी भरून द्या."

मास्तर गुडघे टेकून टेबलाखाली वाकले. लोकरीचा गुंडा भिंतीपर्यंत गेला होता. धुळीतून तो काढून त्यांनी झटकला, धागा गुंडाळला आणि स्वेटरबरोबर पिशवीत ठेवला. वर कंगवा, औषध आणि डबा.

"असं नाही," ताई म्हणाली. "डबा खाली. लोकर वर. डब्यातलं सांडलं तर स्वेटरला वास लागतो. तुम्हाला नाही येणार, पण पोराला येईल."

मास्तरांनी सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. सगळे बघत होते, आणि या खेपेला त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.