डावऱ्याचा फुटबॉल

तुम्हाला झोप येत नाही म्हणून म्हाताऱ्यानं घसा खरवडायचा, हा कुठला न्याय? बसा आता गप्प. मध्ये कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. आणि ‘खरं का हो, आजोबा?’ असं विचारायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्या दाभणानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. खोटं रचायला लागते तेवढी अक्कल त्याला कधीच नव्हती.

दाभण म्हणजे क्लबाचे फुटबॉल शिवणारा. अंगानं तसाच आणि हातात कायम तेच, म्हणून नाव पडलं. गेल्या डिसेंबरात, अकरा तारखेला, शनिवारी, कप्तानानं त्याला एका कामाला धाडलं. कप्तान एके काळचा. आता क्लबाचा अध्यक्ष, पोट सुटलेला. क्लबात जुन्या वस्तूंचं काचेचं कपाट मांडायचं होतं. टोप्या, ढाली, फोटो जमले होते. डावऱ्यानं शेवटचा गोल मारला तो फुटबॉल तेवढा राहिला होता. तो त्याच्या बहिणीकडून आणायचा.

डावऱ्या कोण, विचारता? अरे, डाव्या पायानं असा मारायचा की गोलकीपर जाळीला विचारायचा, आला कधी! सहा वर्षं खेळला. सातव्या वर्षी कप्तानपद त्याच्याकडे जाणार, हे नक्की झालं. ते जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी, बाकीचे निघून गेल्यावर दोघंच सराव करत असताना, या कप्तानानं त्याचा गुडघा फोडला. मुद्दाम. बॉल दहा हात लांब असताना. “आई गं” एवढंच ओरडला बिचारा. कप्तान म्हणाला, घसरला. पाहणारा एकच होता, शेडमध्ये बॉलच्या तोंडाची चामडी वादी ओवत बसलेला दाभण. त्याला विचारलं तर म्हणाला, “माझं लक्ष सुईत होतं.” त्याची नोकरी टिकली. डावऱ्या मात्र एका गोदामाच्या दारात लंगडत पहारा करत म्हातारा झाला, आणि गेल्या वर्षी मेला.

बहिणीनं आढेवेढे घेतले नाहीत. ट्रंकेतून फुटबॉल काढून दिला. “घेऊन जा, भाऊ. दादा सांगूनच गेलाय, कप्तान मागेल तेव्हा नाही म्हणू नकोस. त्याच्यासाठीच भरून ठेवलाय.”

वाटेत दाभणानं बॉल दाबून पाहिला. दगड! आतलं रबरी ब्लॅडर चाळीस दिवस हवा धरत नाही, आणि हा चाळीस वर्षांपूर्वीचा. दाभणाला वाटलं, मागं फिरावं. पण कप्तानाला नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला.

रात्री पावणेअकरा. क्लबाच्या खोलीत दोघंच. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, लाइटही गेले नव्हते. उगाच तसलं काही मनात आणू नका.

“उकल,” कप्तान म्हणाला. “आतलं तपासून पुन्हा भर. आणि वरचं त्याचं नाव खरवडून माझं घाल.”

“साहेब, गोल त्याचा होता.”

“मग येऊ दे की त्याला सांगायला.”

दाभणानं सुईच्या टोकानं वादी सोडवली. फटीतून ब्लॅडरची नळी वर आली. जुन्या बॉलात ही नळी तोंडानं फुंकायची, मुडपायची, दोऱ्यानं आवळायची. त्यानं दोरा सोडला.

हवा बाहेर आली. गरम. माणसाच्या तोंडची असावी तशी. आणि अगदी शेवटी, बारीक...

“आई गं...”

दोघंही हलले नाहीत.

“रबर आहे ते,” कप्तान म्हणाला. “पंप आण.”

“याला पंप चालत नाही, साहेब. तोंडानंच...”

“मग फुंक.”

“माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“जन्मभर शेपूट घालून जगलास. आण इकडं!”

कप्तानानं नळी ओठांत धरली. एक फुंकर. दुसरी. तिसरीला त्यानं तोंड काढायला पाहिलं. निघेना. हातानं ओढलं. निघेना. बॉल फुगत होता. कप्तान फुंकत नव्हता... बॉल ओढत होता.

गाल आत गेले. छाती बसली. डोळे दाभणाकडे वळले. मग त्याच्या हाताकडे.

हातात ती शिवायची जाड सुई होती. एक टोचा... ब्लॅडर फुटलं असतं. माणूस सुटला असता.

दाभणानं हात उचलला. कप्तान मान हलवू लागला. हो... हो...

तेवढ्यात दाभणाला ते मैदान दिसलं. गवत. लांब पडलेला बॉल. गुडघा धरून लोळणारा डावऱ्या.

हात खाली आला.

“साहेब,” तो म्हणाला, “माझं लक्ष सुईत आहे.”

...

नळी आपली आपण सुटली. कप्तान खुर्चीत, रिकाम्या पोत्यासारखा.

दाभणानं आधी दोरा आवळला, वादी ओवली आणि मगच लोकांना हाका मारल्या. नाव खरवडलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. दुसरं काय लिहिणार?

बॉल आता कपाटात आहे. रोज पहाटे काचेला आतून वाफ धरते. या असल्या उन्हाळ्यातसुद्धा. मी हे क्लबात बोललो, तर तिथला सेक्रेटरी चारचौघांत म्हणाला, म्हातारा चळलाय. परवा त्यानं स्वतः कपाट उघडून काच पुसली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. सकाळी पुन्हा वाफ. आणि त्या वाफेत मधोमध तळहाताएवढी जागा स्वच्छ... आतून पुसलेली.

तेव्हापासून तो त्या खोलीत पाऊल टाकत नाही. माझी माफी मात्र अजून मागितलेली नाही त्या सेक्रेटरीनं.