दार कापायचं राहिलं

ही घटना खरी आहे. मी साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवते. जे पुन्हा करून पाहता येत नाही, त्यावर माझा विश्वास नाही.

हे मी पुन्हा करून पाहिलं होतं. म्हणूनच लिहितेय.

रात्र नव्हती. गेल्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारची भर दुपार होती. जागा सांगलीजवळचं माधवनगर.

माझी धाकटी बहीण क्रांती तेव्हा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. सुलाबाई नावाच्या बाईंची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. गिरण्या चालायच्या त्या काळातली, कामगारांसाठी बांधलेली कौलारू खोली. खिडकी नाही. पश्चिमेला एकच दार, त्याला पडदा. छपराच्या मधोमध उजेडासाठी काचेचं एक कौल.

पहिला अभ्यास सोपा होता. राहती खोली मोजायची, नकाशा काढायचा आणि पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं. सोमवारी द्यायचं, आणि क्रांतीचं सगळंच राहिलेलं. म्हणून मी मदतीला गेले.

टेप लावताना माझा हात पूर्वेच्या भिंतीवर आपटला.

भिंत... पोकळ वाजली.

"ताई, इथं दार होतं बघ," क्रांती म्हणाली. "बुजवलंय."

बाहेर अंगणात सुलाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं.

"व्हय, होतं की. माझ्या सासूनं विटा लावून घेतल्या."

"का ओ?"

"मीबी इचारलं तवा. म्हणाली, आता बंद हाय न्हवं? मग गप बस. लय खमकी बाई!"

"आणि पलीकडं काय आहे?"

"काय न्हाई. मोकळी जागा. तुमी आवरा, मी च्या टाकते."

आम्ही कामाला लागलो. मी छप्पर कापत होते, त्यात काचेच्या कौलाचं भोक पाडत होते. क्रांती भिंती चिकटवत होती.

"आमचे सर म्हणतात, पहिल्या वर्षाची पोरं भिंती उभ्या करतात आणि दार विसरतात. मग विचारतात, आतला माणूस काय कौलातून बाहेर येणार का?"

"तू नाही ना विसरलीस?"

"मी काय खुळी आहे?"

खोली केवढी ते कळावं म्हणून अशा मॉडेलमध्ये कागदाचा एक छोटा माणूस ठेवतात. क्रांतीनं तो मधोमध चिकटवला.

"हा कोण?" मी विचारलं.

"भाडेकरू. तुझ्यापेक्षा बरा. सूचना तरी करत नाही!"

मी हसत छप्पर ठेवलं. चारी कडांना गोंद लावून दाबून धरलं.

गोंद वाळला. मी चहासाठी उठले. दाराचा पडदा बाजूला केला.

मागे भिंत होती.

चुना लावलेली, जुनी, सलग भिंत. कडी नाही. चौकट नाही. पडदा मात्र तसाच, माझ्या हातात.

"ताई, काय झालं?"

मी पडदा पुरता सरकवला. क्रांती पुढं आली आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपू लागली.

आम्ही हाका मारल्या. भिंतीवर थापा मारल्या. बाहेर सुलाबाईंचं शेंगा फोडणं स्पष्ट ऐकू येत होतं. टक्... टक्... त्या स्वतःशी काही गुणगुणतही होत्या.

आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. त्यांचं गुणगुणणं थांबलं नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. क्रांतीला श्वास घेता येईना. लहानपणापासून तिला दमा आहे, आणि तिचा पंप बाहेर, तिच्या स्कूटरच्या डिकीत होता.

आणि मग...

पूर्वेच्या भिंतीवर कुणीतरी टकटक केली.

पलीकडून.

"तिकडं मोकळी जागा आहे," क्रांती कुजबुजली. "कोण वाजवणार?"

घाबरले की मी मोजायला लागते, तपासायला लागते. शेवटी बदललं काय, हे मी स्वतःला विचारलं. शेवटी मी छप्पर चिकटवलं होतं.

मी वाकून मॉडेलच्या भोकाला डोळा लावला.

खोलीतला उजेड गेला.

डोळा काढला. उजेड आला.

मी वर पाहिलं. काचेचं कौल स्वच्छ होतं. पुन्हा वाकले... पुन्हा अंधार. मला कळलं. मी मॉडेल उचलून चारी बाजूंनी पाहिलं.

"क्रांती, दार कुठंय?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "कापायचं राहिलं."

भिंतीवरची टकटक जोरात होऊ लागली. क्रांतीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. तिनं कटर घेतला, मॉडेल ओढलं आणि पातं एका भिंतीत घुसवलं.

टकटक थांबली.

एकदम. कुणी वाट पाहत थांबावं, तशी.

"थांब!" मी तिचा हात धरला. "ही कुठली बाजू?"

चारी भिंती सारख्याच पांढऱ्या. तळाच्या पुठ्ठ्यावर तिनं उत्तरेचा बाण काढला होता. मी तो बघितला.

ती पूर्वेची भिंत कापत होती.

मी कटर हिसकावला, मॉडेल फिरवलं आणि पश्चिमेच्या भिंतीत तीन रेघा मारल्या. पुठ्ठ्याचा तुकडा वाकवून बाहेर ओढला.

पडद्याला वारा लागला.

मी क्रांतीला ओढतच अंगणात आणलं, पंप तिच्या तोंडात धरला. सुलाबाई चकित होऊन उभ्या राहिल्या.

"आगं बया! काय झालं? मला वाटलं झोपलासा. लय वेळ झाला, आवाजच न्हवता."

क्रांती सामान आणायलासुद्धा परत आत गेली नाही. मी गेले. दाराला वीट लावून ठेवली आणि गेले.

पूर्वेच्या भिंतीला उभी भेग पडली होती. आधी नव्हती, भिंत मीच मोजली होती. मी मॉडेलचं छप्पर उचकटलं. मधोमध चिकटवलेला भाडेकरू मधे नव्हता. क्रांतीच्या कटरनं पडलेल्या चिरेला तोंड लावून तो उभा होता.

ते मॉडेल मी स्वतः जाळलं. क्रांती वसतिगृहात गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. कागदावर आधी दार काढते, मग भिंती.

इथं संपलं असं मला वाटत होतं.

आज सकाळी ती फोनवर सहज म्हणाली, "ताई, माझ्या त्या खोलीत पहिल्या वर्षाची मुलगी आलीये. जतची, कस्तुरी नाव. तिलाही खोलीचंच मॉडेल दिलंय."

मी नंबर घेतला, लगेच फोन केला. म्हटलं, "छप्पर चिकटवू नकोस. आधी दार कापलंस का बघ."

कस्तुरी हसली. "कापलंय की मॅडम. एक मिनिट हं, कुणीतरी दार वाजवतंय."

"कुठलं दार?"

"म्हणजे?" ती म्हणाली. "दोन्हीपैकी कुठलं, असं होय? ते पूर्वेकडचं."

तिनं फोन ठेवला नाही. बाजूला ठेवला असावा. कडी निघाल्याचा आवाज मला ऐकू आला... मग काहीच नाही.

मी एसटीत बसून हे लिहितेय. कऱ्हाड मागं पडलं. फोन अजून चालूच आहे, कानाला लावलाय. पलीकडं सुलाबाईंचं शेंगा फोडणं स्पष्ट ऐकू येतंय.

मी हाका मारतेय. त्यांना ऐकू जात नाही.