शिडीवरची साक्ष

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा न्यायाधिकरणाचा स्टेनो आत एकटाच होता. जरा वेळाने वरचं दार करकरत उघडलं आणि एक हात आत आला.

"फायली आधी द्या. मग तुम्ही."

"मी जड आहे…"

"फायलींपेक्षा?"

एका हिसक्यात तो वर आला. समोर अग्निशमन दलाच्या गणवेशातली मुलगी, काखेत स्वतःच्या अर्जाचे कागद.

सुनावणीला ती पुन्हा दिसली — अर्जदाराच्या खुर्चीत. पाण्याचे फाटके पाइप बदला, अशी तिने लेखी तक्रार केली होती. पाइप राहिले तसेच. साहेबांनी बदली केली ती तिची, टेलिफोनच्या टेबलावर.

"ही शिक्षा नाही," खात्याचे वकील म्हणाले. "बाईंना उंच शिडीचं काम झेपत नाही, एवढंच."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग बघूया की."

दुसऱ्या दिवशी सगळे अग्निशमन केंद्राच्या पटांगणात जमले. शिडी आभाळात सरकत गेली. खांद्यावर पाइप घेऊन ती चढू लागली, एकदाही न थांबता. टोकाला पोचून तिने पाणी सोडलं, आणि भर उन्हात पटांगणावर इंद्रधनुष्य उभं राहिलं. वकिलांनी फाइल डोक्यावर धरली. स्टेनो मात्र मान वर करून भिजत राहिला. माणूस इतकं निर्भय असू शकतं…

"लिहून घेतलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो… म्हणजे — आता घेतो."

निकाल त्यानेच टाइप केला. त्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली.

"निकाल काय लागलाय?"

"उद्या वाचतील."

"नुसती मान हलवा."

"नाही हलवता येत."

"बरं झालं," ती हळूच म्हणाली. "हलवली असतीत तर मला आवडलं नसतं."

सकाळी बदली रद्द झाली. तक्रार करणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, त्याची शिक्षा देता येणार नाही, असं न्यायाधीशबाईंनी वाचलं. ती डोळे पुसत बाहेर आली.

"तुम्हाला कालच माहीत होतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं."

"होतं. पण ते निकालाचं नव्हतं."

"मग?"

त्याने हातातल्या फायली छातीशी धरल्या. "तुम्ही वर होतात ना… तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाहीये."

तिने उगाचच टोपी सारखी केली.

"उद्यापासून गाडीवर आहे मी. सुटल्यावर केंद्राच्या फाटकापाशी थांबाल?"

"थांबेन."

"आग लागली तर उशीर होईल."

"मग विझेपर्यंत थांबेन."