सहा डाग

डाव्या दंडात सहा स्क्रू, एक पट्टी. झोपाळ्यावरून पडलेली आठ वर्षांची पोर भूल उतरताच विचारते, "आई, मी आता थोडी रोबो ना?"

शाळा ते घर: चालत दहा मिनिटं.

बेपत्ता मुलगी मृत समजावी म्हणून न्यायालयात द्यायचा अर्ज. बापाची सही झालेली. आईची जागा कोरी.

लहान मुलाच्या डाव्या दंडाचं हाड, दगड झालेलं. वय तीस हजार वर्षांच्या आसपास.

या शेवटच्या वस्तूवरचे डाग तपासायचं काम त्याच आईकडे आलं. काळे डाग मँगॅनीजचे, तांबूस लोखंडाचे. जमिनीतलं पाणी हाडांवर अशी नक्षी काढतंच.

सकाळी नवऱ्याचा फोन आला. "सात वर्षं झाली गं. किती दिवस दाराला कडी लावायची नाही?"

"ती येईपर्यंत."

"ताई, चहा घ्या आधी," प्रयोगशाळेतले मामा म्हणाले. "तीस हजार वर्षं थांबलंय, दहा मिनिटं नाही थांबायचं?"

चहा निवला. हाडावर सहा करडे डाग होते, मसुराएवढे, एका रेषेत. यंत्राच्या पडद्यावर आकडे उमटले: टायटॅनियम नव्वद, अॅल्युमिनियम सहा, व्हॅनेडियम चार.

असं प्रमाण मातीत नसतं. ते कारखान्यात ठरतं, शरीरात बसवायच्या धातूसाठी.

"कुणाचा तरी चिमटा लागला असेल," मामा म्हणाले.

"चिमटे प्लॅस्टिकचे आहेत, मामा."

"मग कोरा नमुना चालवा."

म्हणजे काहीच न ठेवता मोजायचं. यंत्रातच घाण असेल तर तिथे पकडली जाते. कोरा नमुना कोराच आला. हाड पुन्हा ठेवलं. नव्वद, सहा, चार.

मग तिनं डागांमधलं अंतर मोजलं. तिसऱ्या-चौथ्यात थोडं जास्त, आणि तिथेच मोडून सांधलेल्या हाडाची बारीक कड.

घरी ठेवलेला लेकीचा एक्स-रे बघायची गरज नव्हती. तिला आंघोळ घालताना दंडावरच्या व्रणावरून फिरून फिरून बोटाला ते अंतर पाठ होतं.

तिनं हातमोजा काढला.

"ताई, हात!"

"असू दे, मामा."

मामांनी मान वळवली.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अर्ज घेऊन ये."

"तिकडे? आत्ता?"

"हो. आणि तिचा लोकरीचा स्वेटर आण. इथे फार गार आहे."



हाडाच्या ज्या पेटीचं सील मामांनी सोमवारी तिच्यादेखत तोडलं होतं, ती हाड खाणीतून निघालं त्याच वर्षी बंद केलेली होती. त्या वर्षी या आईचे दुधाचे दात पडत होते.