काचेतली पाळ

मूल गावाजवळ वनखात्याच्या क्वार्टरात आम्ही राहतो. मागच्या अंगणात माझी तुळस, कुंपणाच्या भिंतीपलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या पुढे तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. हे वनरक्षक, वाघाला बेशुद्धीचं इंजेक्शन मारणाऱ्या पथकातले. कार्तिकात गावालगत वाघीण फिरू लागली, तेव्हापासून ती इंजेक्शनची बंदूक यांच्याच ताब्यात राहिली. बंदुकीवर नवी दुर्बीण बसवून आली होती.

पहिल्या दिवशी यांनी मला कौतुकानं दाखवलं.

"हे रिंग पाह्य. तीनावर ठेवलं का अख्खी बांधी दिसते. वाघ जवळ असला तं तेच कामाचं. नवावर नेलं का दूरचं जवळ येते. पण फिरवताना मधली फुली सरकली नाई पायजे. अन् डोया चार बोटं दूर ठेवाचा."

"चांगली दुर्बीण कशी वळखाची?"

"गाडीचे हादरे खाऊनही जिचं निशाण हालत नाई ते. अन् दिवेलागणीले आपले डोये हारते, तवा जिले दिसते ते."

म्हणून हे रोज दिवेलागणीलाच भिंतीवर बंदूक टेकवून दुर्बीण पारखू लागले. नेमकी माझी तुळशीपाशी दिवा लावायची वेळ. आधी हे ज्योतीला हाताचा आडोसा धरायचे. आता वाऱ्यानं दिवा विझला तरी यांना पत्ता नसे.

शेजारची अंजनाबाई हसली, "काऊन वं, देवानंदभाऊले काचेची सवत भेटली वाटते!"

मीही हसले. पुढे पुढे हसू येईना.

"एवढं काय पाहून राह्यले?" मी एकदा विचारलं.

"पाळीवर एक बाई बसून राह्यते."

"कोन?"

"पाठमोरी हाय."

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. पाळ रिकामी होती.

कार्तिकभर आमच्या घरात मासोळी शिजत नाही. आणि यांनी पहिला घास घेतल्याशिवाय मी जेवत नाही. लग्नापासूनचं व्रत आहे. त्या रात्री यांनी ताट बाजूला सारलं. भूक नाई म्हणाले. मग ते रोजचंच झालं. मी पाणी पिऊन निजायची.

एकदा पाण्याचा गडवा देताना यांच्या बोटांना वास आला. तळलेल्या मासोळीचा. नखांत हळद होती. हे अंगणातून हलले नव्हते. मी तुळशीपाशी होते, यांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती.

"कोनाकडं जेवता जी?"

यांनी स्वतःची बोटं हुंगली आणि हसले. असं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवा न लावताच मी यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मले पाहू द्या."

"तुले नाई दिसाचं."

"सवत असन तं तोंड तरी पाहू द्या."

हे बाजूला झाले. मागे उभं राहून यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

मी डोळा चार बोटं दूर धरला. पळस दिसला, बगळा दिसला. पाळीवर बाई होती. हिरवं लुगडं, ओले केस, पुढ्यात चूल. मी रिंग नवाकडे फिरवली. पळस मोठा झाला, बगळा मोठा झाला. बाई तेवढीच राहिली.

तीनावर आणली. सगळं बारीक झालं.

बाई तेवढीच.

आता तिच्यासमोर पत्रावळ होती. पत्रावळीपुढे कोणी बसलं होतं. खाकी पाठ. मानेवर भाजल्याचा डाग. त्याला रोज मीच तेल लावते.

तिनं घास पुढे केला. त्यानं तोंड उघडलं, लहान लेकरासारखं. माझ्यासमोर कधीच उघडलं नाही तसं.

माझ्या कानामागे कोणीतरी सावकाश चावत होतं.

"अहो," मी हळूच म्हटलं.

चावणं थांबलं.

पाळीवर तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

माझ्या खांद्यावर हात नव्हता.