फाटकावरचे दोन तास

आवडी चहा घेऊन गेली खरी, पण भलत्याच लॉरीपाशी.

"मी नाय सांगितला चहा," वरून आवाज आला.

"मंग परत नेते."

"आता आणलाच हाय तर... परत नेऊन त्याचा अपमान कशाला करतेस?"

आवडीनं वर पाहिलं. डायव्हर हसत होता. खिडकीवर टेकलेला त्याचा हात मनगटापर्यंत पिठानं पांढरा झाला होता. तिलाही हसू आलं, आणि आलं म्हणूनच तिनं उगाच कपाळाला आठी घातली. चहा मात्र ठेवूनच आली.

हा सहदेव. महाडहून साखर, पीठ, रॉकेल भरायचं आणि आंबेनळी घाटानं महाबळेश्वरच्या दुकानांत पोचवायचं, हे त्याचं काम. तेव्हा, म्हणजे त्रेसष्ट साली, पोलादपूरच्या बाहेर घाटाच्या तोंडाशी फाटक होतं. वरच्या गाड्या उतरून आल्या की मगच खालच्या सोडत. तोवर दोन तास रांगेत थांबायचं. फाटकासमोर आवडीच्या आईचं, बनुबाईचं, चहाचं दुकान. आता दोन तास, चहाचं दुकान आणि एकोणीस वर्षांची पोर... पुढचं सांगायला जोशी कशाला हवा?

पहिले काही दिवस सहदेव लॉरीतच बसे. मग दुकानाच्या बाकावर येऊन बसू लागला. एक डोळा लॉरीवर, दुसरा... जाऊ द्या!

"एवढं डोळं लावून बसता, माल कोण पळवील तुमचा?" आवडीनं एकदा विचारलं.

"चोर कवाच वळखलाय मी."

"कुठं हाय?"

"चहा गाळतेय..."

आवडीचा निम्मा चहा कपाबाहेर गेला. बनुबाईनं आतून, "अगो, लक्ष कुठं हाय तुझं?" म्हणून विचारलं, तेव्हा सहदेव अगदी साळसूदपणे घाटाकडं बघत होता.

इकडं महाडात वेगळंच शिजत होतं. डायव्हरांच्या युनियननं कंपनीशी करार केला होता, की आठ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दरानं पगार. कंपनी म्हणाली, फाटकावरचे दोन तास ही विश्रांती, ते धरायचे नाहीत. युनियनचा पुढारी हैबती म्हणाला, भरलेली लॉरी राखणं ही कसली विश्रांती? प्रश्न बावीस डायव्हरांचा होता. एकवीस जण खरोखरच लॉरीतून हलत नसत. पण कंपनीच्या कारकुनानं नेमका बाविसावा धरला. हा सहदेव कसली राखण करतो? चहावालीच्या पोरीशी गुलुगुलु बोलत बसतो! एक बसतो म्हणजे सगळेच बसत असणार. विचारा तिलाच.

भांडण सरकारी साहेबांपुढं गेलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी हैबती आवडीच्या दुकानात आला. "पोरी, तुझ्या एका शब्दावर बावीस चुली हायत," एवढंच म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

महाडला सरकारी साहेबांनी आधी सहदेवला विचारलं, "त्या दोन तासांत तुम्ही कुठं असता?"

"गाडीत, साहेब."

"या मुलीला ओळखता?"

सहदेव खाली बघत म्हणाला, "नाय."

आवडीही खोटं बोलायचं ठरवूनच आली होती. पण ते त्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटेल, याचा विचार तिनं केला नव्हता.

"आणि तू?"

"चहा लई जण पितात, साहेब. तोंडं कोण ध्यानात ठेवतं?" ती थांबली. "मी वळखत नाय यांना."

डायव्हर जिंकले. ते दोन तास कामाचे ठरले, तीन वर्षांचा नवा करार झाला. पेढे वाटले गेले. सहदेवनं आपला पेढा शेजारच्याला देऊन टाकला. कारकून आता रोज फाटकापाशी पाळत ठेवून उभा राही. खोटं उघडं पडलं असतं, तर करारच मोडला असता. सहदेव लॉरीतून उतरेनासा झाला. तेवढ्यात आवडीच्या मामानं उमरठचा, मुंबईला गिरणीत असलेला मुलगा ठरवून टाकला.

लग्नाला आठवडा राहिला, तेव्हा आईच्या हातून कप घेऊन आवडी स्वतः लॉरीपाशी गेली.

"आवडी," सहदेव हळूच म्हणाला, "मी साहेबाला खरं काय ते सांगतो. आनि तुझ्या मामाकडं मागणी घालतो."

"आनि बाकीची माणसं? चौदा-चौदा तास गाडी हाकत हुती ती... आता कुठं त्यांच्या कष्टाला मोल आलंय."

"मंग तीन वर्षं थांब माझ्यासाठी."

"मामा तीन महिनं थांबत नाय, अन् तीन वर्षं..."

कपातल्या चहावर साय धरली.

"वळखत नाय म्हणाले ना मी," आवडीचा आवाज फुटला, "ते जन्मभर डाचंल मला. तुमच्याशिवाय दुसरं कुणी माझं वाटलंच नाय हो कधी..."

सहदेवनं हात पुढं केला. पण समोर कारकून मान उंचावून बघत होता. हात तिथंच राहिला.

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी सहदेवच्यानं लॉरी सुरू करवेना. आवडीनं पदरानं डोळे पुसले, दोन पावलं मागं सरली, आणि कारकुनाला स्पष्ट ऐकू जाईल अशा कोरड्या आवाजात ओरडली, "ओ डायवर, फाटक उघडलंय. गाडी काढा!"

सहदेवनं गाडी काढली.